जुना दागिना स्वस्तात मिळतोय? आधी शिक्का पाहा, मग पाण्यात तोला

जळगाव : 2025 मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला आणि सुवर्णनगरीत जुन्या दागिन्यांना पुन्हा भाव आला. कुणी मोड घेऊन सराफाकडे येतो, कुणी नात्यातली पाटली परस्पर विकत घेतो, तर कुणी तारण सोन्याच्या लिलावाची नोटीस शोधतो. यात फायदा आहे, तो घडणावळीचा. नव्या दागिन्यावर मजुरी आणि 3 टक्के जीएसटी लागतो. ओळखीच्या घरातून जुना घेतला तर दोन्ही वाचतात. मात्र पारख चुकली तर मुद्दलच जाते.

सुरुवात शिक्क्यापासून करावी. 1 जुलै 2021 नंतरच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता (22 कॅरेटला 22के916) आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. अॅप अंगठी म्हणत असेल आणि हातात पोत असेल तर तिथेच थांबावे. त्याआधीच्या दागिन्यांवर तपासणी केंद्राची व सराफाची खूण असायची, 2017 पूर्वीच्यांवर वर्षाचे अक्षरही. ‘केडीएम’ हा मात्र शुद्धतेचा शिक्का नाही. ती डाग देण्याची म्हणजे सांधण्याची पद्धत.

आजीच्या दागिन्यावर शिक्का नसणारच, कारण देशात सोन्याचे हॉलमार्किंग सुरू झाले ते 2000 साली. म्हणून ते खोटे ठरत नाही. आणखी एक गंमत : 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी काही काळ 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी होती. त्या वर्षांतला दागिना कमी कसाचा निघाला तर जुन्या सोनाराला लगेच नावे ठेवू नयेत.

बिनशिक्क्याच्या भरीव दागिन्याला घरचा एक उपाय चांगला आहे. पॉइंटपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्यावा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणावा. दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये. 20 ग्रॅमची 22 कॅरेटची पाटली असेल तर काटा साधारण 1.1 ते 1.2 ग्रॅम दाखवतो. पितळ असेल तर आकडा 2.3 च्या पुढे जातो. बेन्टेक्स किंवा ‘एक ग्रॅम’चा माल इथे लगेच उघडा पडतो, कसोटीवर वरवर घासला तर एखादे वेळी निसटेलही.

बोरमाळेला मात्र हा उपाय चालत नाही. तिचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. सराफ मोडीत घट धरतो ती याच लाखेची आणि डागाची. खड्यांच्या दागिन्यांचेही तसेच. नथ तर नुसत्या सोन्याच्या वजनावर देऊच नये. जुन्या नथीत बसरा मोती असतील तर सोन्यापेक्षा मोतीच महाग असू शकतात. मोती दातावर हळूच घासला तर किंचित खरखरतो, काच गुळगुळीत लागते. पण नैसर्गिक की शेतीचा, हे प्रयोगशाळाच सांगते.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, शिरपूर भागात, गोष्ट चांदीची. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात अंगावर मिरवणारे जड जुने दागिने अडचणीच्या वर्षी गहाण पडतात किंवा मोडीत जातात. तिथे घडणीचे मोल शून्य धरले जाते, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावे. घेणाऱ्याला भीती जर्मन सिल्व्हरची. नाव सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. 100 ग्रॅमचे भरीव कडे पाण्यात 10 ग्रॅमच्या आत-बाहेर दाखवते, जर्मन सिल्व्हरचे साडेअकराच्या आसपास.

शंका उरली तर बीआयएसमान्य तपासणी केंद्र गाठावे. ग्राहकाला स्वतःचा दागिना तिथे तपासून घेता येतो. 2022 मध्ये जाहीर झालेला दर चार दागिन्यांपर्यंत 200 रुपये आहे. मशीन फक्त वरचा थर वाचते. जाड मुलामा वाटत असेल तर कापून तपासणी मागावी.

‘खोदकामात सापडलं, गुपचूप घ्या’ म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. आधी दिलेले दोन मणी खरे निघतात, नंतरची अख्खी माळ पितळेची. समजा ती खरी निघाली, तरी 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सापडवणाऱ्याला ते परस्पर विकता येत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ओळखीतला व्यवहार असला तरी विकणाऱ्याचे नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, दागिन्याचे वजन आणि फोटो कागदावर घ्यावेत, आणि पैसे शक्यतो बँकेतूनच द्यावेत.