पक्षिनिरीक्षणाचा श्रीगणेशा नव्हे, शुभारंभ वाडीतूनच

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष पाखरांकडे वेधले. आपण मात्र त्यांच्याकडे क्वचितच निरखून पाहतो.

पक्षिनिरीक्षणाचा आरंभ डोळ्यांनी व कानांनी होतो. वसईच्या वाड्यांत दयाळ, बुलबुल, भारद्वाज सहज भेटतात. प्रथम त्यांचा आकार, चोच, शेपटी व आवाज ओळखावा. त्यानंतर दुर्बीण घ्यावी. नवशिक्यास ८ × ४२ मापाची पुरते. पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ हा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय. याहून फार शक्तिशाली दुर्बिणीतील दृश्य हाताच्या कंपाने हलते. ओळख पटविण्यास डॉ. सालिम अली यांचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक, तर मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा.

हिवाळ्यात रविवारच्या मिस्साबलिदानानंतर मुलांसह मिठागरांकडे जावे. शेकाट्या, तुतवार दिसतील. तारीख, स्थळ व संख्या वहीत नोंदवावी. ज्याचे नावच ठाऊक नाही, तो पक्षी नाहीसा झाला तरी आपल्याला कळत नाही. पाणथळ जागांवर भराव पडत असताना अशी वही साक्षीदार ठरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाद्वारे सृष्टीच्या जतनाची हाक दिली. तिला आपण येथूनच प्रतिसाद देऊ या.