अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

गाळप संपले की आपली पुष्कळ मंडळी तारकर्लीला जातात. समुद्रातून बाहेर आले की खारट अंगाला गरम पाणी हवेच! तिथल्या न्याहरी-निवासांचा खरा खर्च हाच; घर तापवण्याची तिकडे गरज नाही.

२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला गिझर सुमारे ७ युनिट वीज खातो. हीट पंप तेच काम अडीच युनिटांच्या आसपास उरकतो. फ्रीजच्या पाठीला हात लावा, गरम लागते. तीच ही करामत. हवेतली उष्णता ओढून पाण्याला द्यायची, वीज फक्त ओढण्यापुरती. कोकणची उबदार हवा त्याला मानवते, खारा वारा मात्र नाही. गंजरोधक लेपाचेच यंत्र घ्यावे.

किंमत गिझरच्या कितीतरी पट. आपल्याकडे वसतिगृहाला परवडेल. ज्यांचा बंब अजून चिपाडांवर पेटतो, त्यांनी घाई करू नये.