बिल थकलं, तर घरावर बोजा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात कंत्राटदाराचं बिल थकलं, तर तो थेट काम केलेल्या मिळकतीवरच बोजा नोंदवू शकतो. पूर्वी त्यासाठी 45 दिवस मिळत. कायद्यातल्या 2018 च्या सुधारणेने ते 60 झाले. खरा बदल मात्र ऑक्टोबर 2019 चा. रीतसर बिल हाती पडल्यावर मालकाने 28 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 14 दिवसांत लेखी हरकत घ्यायची. 'पुढच्या आठवड्यात बघू' चालत नाही. पैसे मिळाले की कंत्राटदारानेही 7 दिवसांत पोटकंत्राटदाराचे चुकते करायचे.

तिथे घराचं नूतनीकरण काढणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं सांभाळावं: प्रत्येक हप्त्यातले 10 टक्के राखून ठेवणं बंधनकारक आहे. ओळखीचा कंत्राटदार म्हणून मुदतीआधी ते देऊन टाकू नका. त्याने पोटकंत्राटदार प्लंबरचे पैसे बुडवले, तर प्लंबर तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो.