खुबा सांधला, पुढे काय?

शिराळा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत म्हातारी अंगणात घसरते, खुबा मोडतो. ऑपरेशन कऱ्हाडला, सांगलीला नाहीतर मिरजेला होतं, ठीक होतं. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ती सलाइन ओढू लागते, गोठ्यातल्या म्हशीला हाका मारते, पोटच्या लेकाला ओळखत नाही. 'वात झालाय' म्हणत घरचे घाबरतात. कुणीतरी बाहेरचं बघायलाही सुचवतं.

हा मेंदूचा तात्पुरता गोंधळ असतो. भुलीचा अंमल, दुखणं, कमी पडलेलं पाणी, तुंबलेली लघवी, झोपमोड. थकलेल्या शरीराला यातलं थोडंही पुरतं. काही रुग्ण आरडाओरडा न करता नुसते गप्प पडून राहतात. त्यांना 'शांत झोप लागलीय' समजलं जातं, आणि तेच जास्त हुकतात.

यावरचा इलाज बराचसा नर्सच्या हातात आहे. तैवानमध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या 65 वर्षांपुढच्या 377 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित नर्स रोज भेटे, दिवस-वार सांगत बोले, तोंड स्वच्छ करून खायला मदत करी, लवकर चालवी. त्यांच्यात गोंधळाचं प्रमाण 6.6 टक्के राहिलं, इतरांत ते 15.1 टक्के होतं.

चालवण्यामागे स्नायूंचं साधं गणित आहे. 2007 च्या एका अमेरिकी प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं. आमच्याकडे 'पडून राहू दे, हलवू नका' हीच माया समजली जाते! खरं तर सर्जनने परवानगी देताच वेदनाशामक वेळेवर देऊन रुग्णाला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावं. चक्कर येत नाही ना, हे बघून वॉकर धरून उभं करावं. त्याआधी चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागच्या जागी हवं. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला दिवस कोणता हे कसं कळणार?

आपल्याकडे एका नर्सच्या वाट्याला इतकी माणसं येतात, की ही शुश्रूषा अखेर सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर पडते, आणि तिला कुणीच काही शिकवलेलं नसतं. बेंगळुरूत नारायणा रुग्णालयाबरोबर सुरू झालेल्या 'नूरा हेल्थ'ने नातेवाइकांना वॉर्डातच शिकवण्याची पद्धत रुजवली. शिराळ्याला परतणाऱ्या प्रत्येक म्हातारीसाठी हे व्हायला हवं. डिस्चार्जचा कागद हाती देण्याआधी नर्सने त्या सुनेकडून सासूला एकदा उठवून, उभं करून घ्यावं, आणि हात कुठे चुकतो ते तिथेच दाखवावं.