खापरांची बाजू

नाण्यांचं आधी उरकून टाकतो. पैठण, नेवासे, तेर, भोकरदन. पाऊस उघडला की या गावांच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आणि नदीच्या दरडींखाली माणसं मान खाली घालून फिरू लागतात. सातवाहनांची शिशाची, पोटिनची नाणी, सोंड उचललेला हत्ती, उज्जैन चिन्ह. त्यांचे अल्बम भरले, कॅटलॉग निघाले. आम्हा वेचणाऱ्यांतल्या एका वजनदार गटाचं म्हणणं असं, की बोलतं ते नाणंच, बाकी सगळा राडारोडा. चाळीस वर्षं ऐकतोय. पटलं एकदाही नाही.

माझा जीव खापरात. प्रवरेचा पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी निघावं. दरड ताजी ढासळलेली असते. गाळात लाल काहीतरी डोकावतं, अंगठ्याने चिखल पुसला की काळ्या तिरप्या रेघा उमटतात. मग नखाने टिचकी मारायची. ठण्ण! हे जोर्वे. कालच्या मडक्याचा तुकडा भद्द वाजतो. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराची भट्टी काय तापत असेल! संगमनेरजवळच्या जोर्व्यात १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि एका खेड्याचं नाव अख्ख्या संस्कृतीला मिळालं. कशामुळे? खापरांमुळे.

पण खापर असो की नाणं, ते बोलतं कुठून आलं हे ठाऊक असेल तरच. त्यासाठी विद्वानच असावं लागतं असं नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे तर व्यापारी माणूस. त्यांनी गावातल्या वस्तू जपल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे.

उलट दायमाबाद पाहा. १९७४ साली प्रवरेच्या काठी झुडपाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला धातूत घडवलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. मिळून साठ किलोंवर धातू! पण ते उत्खननातल्या थरात मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. साठ किलोंची ही कथा, तर खिशातल्या नाण्याचं काय?

(१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरची सापडलेली वस्तू कलेक्टरांना कळवावी लागते, हेही आमच्या नाणेवाल्यांना कुणीतरी सांगावं.)

आता काठच उरत नाहीत. वाळू उपसली की दरड कोसळते. पांढरीची माती शेतात जाते. ट्रॉलीतून सांडलेली जोर्वे खापरं मी रस्त्यावर चाकांखाली चुरताना पाहिली आहेत. वर मेटल डिटेक्टर घेतलेली पोरं आली. ते यंत्र खापराला ओळखतच नाही, एवढाच काय तो दिलासा.

माझंही पाप सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत उचललेली खापरं मी बिस्किटांच्या डब्यात नुसतीच टाकत गेलो. त्यातला तोटीचा एक सुंदर तुकडा आजही टेबलावर आहे. प्रवरेचा की गोदेचा, आठवत नाही. त्याचा आता पेपरवेट झाला आहे.

तेव्हा काठावर जाल तर खिशात पेन ठेवा. गाव, काठ डावा की उजवा, तारीख, एवढं लिहा. पेन विसरलात तर खापर होतं तिथेच राहू द्या.