बंदुकीची नळी आणि पावसाळी हवा



आमच्या पानावर लागवड, खते आणि खोडवा यांची चर्चा नेहमीच असते. आज थोडा वेगळा विषय घेतो. निमगाव सावा परिसरात गट-भेटीला गेलो की रानडुकरांचा विषय हमखास निघतो. पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

नाणेघाटाकडच्यासारखा धुवाधार पाऊस आपल्या पूर्व पट्ट्यात नाही, म्हणून बंदूक गंजणार नाही असे समजू नका. पाटाचे पाणी आणि घराला भिडलेले उसाचे फड यांमुळे हवेत ओल राहतेच. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की उघडे पोलाद गंज धरू लागते. थंडीत रात्रीच्या पाळीला पाणी धरून पहाटे बंदूक उबदार घरात आणली, तर गार नळीवर दंव धरते. ते लगेच पुसले पाहिजे.

दुसरे कारण नळीच्या आतच असते. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळाल्यावर जी राख उरते ती हवेतले पाणी ओढते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचेही मिठासारखे क्षार मागे राहतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून अशा नळीला आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, हा क्रम चुकवू नये. नुसते तेल चोपडले तर क्षार खालीच राहून पोलाद खातात.

साफ करताना आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री दोनदा करा. जमेल तिथे गज काडतूस भरण्याच्या बाजूने घाला. नळीच्या तोंडाची कड घासली गेली की गोळी वाकडी जाते. ब्रश पितळी तारांचा घ्या, लोखंडी नको. घासलेटने मळ सुटतो, पण ते उडून गेल्यावर पोलाद उघडेच पडते. करडई किंवा शेंगदाण्याचे तेल तर नकोच, त्याचा चिकटा होतो. बंदुकीचे पातळ तेल पुसट हाताने लावा. चामड्याच्या म्यानात किंवा गोणपाटात बंदूक ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. नळीत चिंधीचा बोळाही कोंबून ठेवू नये. तो विसरला तर बार उडवताना नळी फुटते.

नेमाचेही यावर अवलंबून आहे. रायफलीच्या नळीत पेच असतात, गंजाने ते खातात. नळीत तेल राहिले तर पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून वापरापूर्वी नळी कोरडी पुसा. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून नळीला टेकला तरी नेम सरकतो. पावसाळा संपल्यावर नेम चाचणी मैदानावर तपासावा, रानात नव्हे.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर तेल लावूनच द्या आणि परत आल्यावर नळी उजेडात धरून पाहा. आत खड्डे दिसले तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या.

एवढा खटाटोप कशासाठी? नेम चुकून जखमी झालेले डुक्कर फडात शिरते, आणि त्याच फडात सकाळी कोयता घेऊन ऊसतोड मजूर उतरतात, पोरेबाळे बांधावर असतात. चुकलेली गोळी तर कुणाच्या वस्तीवर जाईल, सांगता येत नाही. डुकराबाबतही वनखात्याकडे अर्ज व परवानगीची रीत पाळूनच काय ते करावे. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तो दिसला तर बंदुकीला हात न लावता वनखात्याला कळवावे.

गाळप संपले की कारखान्यात यंत्रे उघडून, पुसून, वंगण लावून ठेवतात, म्हणून पुढचा हंगाम सुरळीत जातो. घरच्या बंदुकीलाही तोच नियम. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटे द्यावीत आणि बंदूक कुलपात ठेवावी, ही विनंती.