थंडीच्या दिवसांत थकलेल्या बैलाची व वासरांची निगा

पौष महिन्यात निफाडसारख्या भागात पहाटेचे तपमान कित्येकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. धडधाकट जनावर ही थंडी सहज सोसते. परंतु दहा-बारा वर्षे औत ओढून थकलेला बैल अशा एखाद्या सकाळी उठतच नाही, आणि घरधनी ‘वय झाले होते’ असे म्हणून समाधान मानतो. पुष्कळदा दोष वयाचा नसून गव्हाणीचा असतो.

गुरांच्या अंगात ऊब राहते ती मुख्यतः वैरणीमुळे. कोठीपोटात वैरण आंबत असताना उष्णता निर्माण होते व ती रात्रभर पुरते. म्हाताऱ्या बैलाच्या दाढा झिजलेल्या असल्याने अख्खा कडबा त्याला चावत नाही. तो पाने ओरबाडून खातो व ताटे तशीच टाकतो. गव्हाण भरलेली दिसते, पोट मात्र रिकामे! त्याला बारीक कुट्टी किंचित ओलवून संध्याकाळी उशिरा घालावी. ऊब यावी म्हणून एकाएकी पुष्कळ धान्य चारणे घातक आहे. त्याने पोटात आम्ल वाढून जनावर दगावते. पाणी हौदातले न पाजता विहिरीतून नुकतेच काढलेले पाजावे. पहाटे ते कोमट असते.

नवजात वासराचे कोठीपोट कामच करीत नसते. त्याचे अंग लगेच पुसून कोरडे करावे व दोन तासांच्या आत चीक पाजावा. पहिल्या २४ तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर चीक, दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

थंडीपेक्षा ओल अधिक बाधते. बसण्याच्या जागी पाचट किंवा पेंढा अंथरून तो भिजताच बदलावा. दमट झूल घालण्यापेक्षा न घातलेली बरी. राखणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही कोरडे पोते हवेच. वाऱ्याच्या बाजूस तरट लावावे, पण वरचे झरोके बुजवू नयेत. कोंडलेल्या गोठ्यात मुताचा उग्र वायू व शेकोटीचा धूर फुप्फुसांना अपाय करतात.

कान गार पडले, रवंथ थांबला व गुदद्वारातील तपमान ३७ अंशांखाली गेले, तर पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. तोवर बैलास छातीवर बसते करून दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा आधार द्यावा व दर तीन-चार तासांनी कूस बदलावी. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात काढा ओतू नये. तो श्वासनलिकेत जातो.